पाखरानं खाल्लेलं कणीस

सुनयना मॅडमच्या खोलीवरची पाटी मी बावीस वर्षं पुसली. आधी तिच्यावर "लेक्चरर" होतं, मंग "असिस्टंट प्रोफेसर" झालं, मंग "असोसिएट प्रोफेसर". तो "असोसिएट" शब्द कवा निघते आन नुसतं "प्रोफेसर" कवा राह्यते, याची वाट मॅडमपेक्षा मीच जास्त पाह्यली असन. मी रेणुकाबाई. आदिलाबादेत विद्यापीठाचं एक केंद्र हाय, तिथल्या वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडर. नवरा तिथंच होता, तो गेल्यावर त्याच्या जागी मले घेतलं. काचेची भांडी धुणं, झाडपाला वाळवणं, सगळ्यायचा चहा करणं, आन ज्यानं कप तसाच ठेवला त्याले दोन शब्द ऐकवणं, एवढं माझं काम. आता रिटायर व्हाले सात महिने राह्यले. म्हणून म्हटलं, सांगून टाकावं. मॅडम स्वतःहून कोणाले सांगणार नाई.

मॅडम भैंसा गावच्या. बापूंची, म्हणजे त्यायच्या वडलांची, तिथं कापसाची अडत होती. पोरगी चौथीत पहिली आली तवापासून बापू तिले नावानं हाक मारतच नव्हते. "प्रोफेसर, जेवाले चला," असं म्हणत. जिनिंगमधले हमाल बी तसंच म्हणाले लागले होते. बापू गेले तवा मॅडम असोसिएट होत्या. तेरवी आटोपून कामावर आल्या, कुलूप काढता काढता पाटीपाशी थांबल्या आन म्हणाल्या, "बापूंचा शब्द पुरा करायचा राहून गेला, रेणुकाबाई." मी फडकं घेऊन पाटी पुसली.

आता बयनाबाईचं सांगते. तामसीच्या पुढं एक गाव हाय, तिथली ते. चार एकर वावर, सारं कापसाचं, पण धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, बाजूच्या दहा ओळी, आमच्याकडं तासं म्हणतेत, पिवळ्या जवारीच्या. बाजारात तिले पच्चजोन्न म्हणतेत, आमी पिवळी म्हणतो. बारा वर्षांमागं पोरांचं शिबिर घेऊन आमी तिथं गेलो होतो. संक्रांत जवळ आलेली, सोंगणी चालू होती आन बयनाबाई पुढच्या पेऱ्याचं बियाणं निवडून राह्यली होती. आमाले वाटलं, भरदार कणसं ठेवून घेईन. ते तं तिनं बाजूले टाकले. घेतले कोणते, तं पाखरानं टोचलेले, अर्धे दाणे गेलेले. पोरं हासाले लागले. खोटं कायले सांगू, मी बी हासली.

मॅडम हासल्या नाई. मातीत बसल्या आन विचारलं, मावशी, असं काऊन? बयनाबाईनं सांगतलं, माह्या सासूनं असंच केलं, तिच्या सासूनं बी. कडू दाण्याले पाखरू तोंड लावत नाई, किडलेल्याले नाई, पोचटाले तं नाईच नाई. एवढं वावर सोडून ते ज्या कणसावर येऊन बसते, ते चांगलंच असन ना. मंग उरलेलं आपण खा आन त्याचं खाल्लेलं पेरा.

त्या दिवशी मॅडमले जे येड लागलं ते लागलं. त्यायनं बयनाबाईशी ठरवलं की दहा तासांपैकी पाच तासं पाखराच्या कणसाची पेरायची आन पाच भरदार कणसाची. दरसाली तसंच. पाखराच्या तासातून पाखराचंच कणीस बियाणाले घ्याचं, भरदारच्या तासातून भरदारच. आन पाहत राह्याचं. पाखराची निवड खरी हाय का, पाणी कमी पडलं तं कोणतं उभं राह्यते, रोग कोणाले लागते, चव कोणाची टिकते. मी विचारलं, हे कवा समजन? मॅडम म्हणाल्या, दहा वर्षांत समजलं तं लवकर समजलं म्हणायचं. मले वाटलं, चांगली शिकलेली बाई, पण डोक्यात काई तरी सरकलं.

पण बाप्पा, ते दिवस. आजबी आठवलं का जीव तुटते. पोळा झाला की रविवारी सकाळची तामसीची बस. खांद्याले झोळी, झोळीत कापडी पुठ्ठ्याची वही, माझ्या डब्यात ठेचा-भाकर. दोन-अडीच महिन्यांनी कणीस भराले लागलं का मॅडम धुऱ्यावर बसत आन पाखरं मोजत. सारं गाव गोफण घेऊन पाखरं हाकलते, आन आमी तिघी बाया तोंडावर पदर धरून गप बसलेल्या, का ते उडून जाऊ नये. कोणी रस्त्यानं जाताना विचारे, काय चाललं? बयनाबाई म्हणे, आमच्या पोरीची शाळा भरली. मॅडम वहीत लिहीत, या कणसावर राघू, त्या कणसावर चिमण्या, हे सोडून दिलं, ते पुन्हा येऊन खाल्लं. दुपारी बयनाबाईच्या हातची पिवळीची भाकर, तिच्यावर तेल-तिखट. मॅडम घरी अर्धी भाकर खाणारी बाई, तिथं तीन खाये. सात-आठ वर्षं असं चाललं. माझा नवरा गेल्यावर मी जर कुठं पोटभर हासली असन तं त्या धुऱ्यावर.

मंग वरून नवा फॉर्म आला. कोणाले प्रोफेसर कराचं ते आता पॉइंटवर ठरणार. नावाजलेल्या अंकात पेपर छापला तं इतके पॉइंट, परिषदेत बोललं तं इतके, दुसऱ्यानं आपलं नाव घेतलं तं इतके. आमच्याकडं कुलदीप सर म्हणून हायेत, इचोड्याचे, हुशार पोरगं, मनानं वाईट नाई. सगळ्यायचे पॉइंट जोडाचं काम त्यायच्याकडं. त्यायनं मॅडमची वही पाह्यली आन म्हणाले, मॅडम, काम चांगलं हाय, पण हे कोणत्याच रकान्यात बसत नाई. मी चहा देऊन राह्यली होती. मले वाटलं, कप तिथंच आपटावा. माणूस काय शोधून राह्यला, हे विचाराची जागाच त्या फॉर्मात नव्हती. किती शोधलं, तेवढं विचारत.

तरी मॅडमनं आठ वर्षांचं लिहून एका अंकाकडं धाडलं. ते परत आलं. पाखराच्या तासांचं वजन आन भरदारच्या तासांचं वजन सारखंच, ना वाढ ना घट, मंग यात नवीन काय, असं त्यायनं कळवलं. मॅडम मले म्हणाल्या, अहो, अर्धे दाणे पाखराले देऊन बी वजन घटलं नाई, हेच तं नवीन हाय. पण हे मले सांगून काय उपेग.

त्याच्यानंतर मॅडम बदलल्या. बाकीचे करत तसं कराले लागल्या. एका झुडपाच्या पानाचा एक पेपर, खोडाचा दुसरा, मुळाचा तिसरा. तुमी माझं नाव टाका, मी तुमचं टाकतो. रविवारी तामसीच्या बसऐवजी हैद्राबादची बस, नाई तं नांदेडची रेल्वे. परिषदेहून बॅनर येत, फोटो काढून झाले का ते मलेच भेटत. प्रयोगशाळेच्या फुटक्या खिडकीले मी सतरा बॅनर लावले. एकावर मॅडमचं नाव मोठ्या अक्षरात होतं, ते मी आतल्या बाजूनं केलं, पाणी लागू नये म्हणून. कापडी वही कपाटात गेली. मी धूळ पुसाले काढे, तवा तिच्यातून कधीमधी एखादा पिवळा दाणा पडे.

वावराचे आकडे मात्र पाह्यजे होते, कारण दहाच्या वर वर्षं झाली तं मोठ्या अंकात घेतेत, असं कुलदीप सरांनी काढलं होतं. म्हणून मॅडम मले पाठवाले लागल्या. हातात ताणकाटा आन छापलेला कागद. कागदावर दोनच रकाने, तारीख आन वजन. पाखरांसाठी रकाना नव्हता.

पहिल्याच खेपेले बयनाबाईनं विचारलं, पोरगी काऊन नाई आली? आन माझ्या जिभेले काई हाड नाई. मी सांगून बसली. मॅडमले मार्क कमी पडून राह्यले, म्हणून त्या गावोगाव फिरून राह्यल्या. तुह्या जवारीचं वजन भरलं तं मार्क भेटतेत आन प्रोफेसर होतेत, नाई तं राह्यलं. बयनाबाईची नात मयूरी आदिलाबादेत शिकाले असते, मार्काचं दुखणं तिच्या घरात होतंच. म्हातारीनं मान हालवली आन विचारलं, कोणत्या तासांचं वजन पाह्यजे? मी म्हटलं, पाखराच्या.

त्याच साली सोंगणीले पाखराच्या पाच तासांचं वजन वाढलं. त्याच्या पुढं आणखी वाढलं. तिसऱ्या साली काटा असा खाली गेला का मी तिथंच बयनाबाईच्या पाया पडली. मॅडमनं आकडे पाह्यले, दोनदा विचारलं, नीट मोजलं ना? मी म्हटलं, माझ्या डोळ्यानं. पेपर गेला आन परदेशातल्या एका मोठ्या अंकानं घेतला. त्या एका पेपरानं मॅडमचे पॉइंट पुरे होऊन वर दोन राहत होते. कुलदीप सरांनी पेढे वाटले. प्रोफेसरच्या जागेसाठी दरखास्त द्याले दहा दिवस होते. मी पाटीवाल्याचा नंबर काढून ठेवला.

अंकवाल्यायनं फक्त एक मागितलं होतं, बियाणाच्या कणसांचा फोटो. मी रविवारी जाऊन बयनाबाईकडून सुतळीनं बांधलेली जुडी आणली. सोमवारी सकाळी मॅडमच्या टेबलावर पांढरा कागद पसरून ठेवली. मॅडमनं एक कणीस उचललं, फिरवलं. दुसरं उचललं. मंग सगळी जुडी सोडली. कणसं अशी भरदार, का हातात मावत नव्हती.

"रेणुकाबाई," मॅडम म्हणाल्या, "यात पाखराची चोच कुठं हाय?"

मी बी एक कणीस हातात घेऊन फिरवलं. मी तं तीन वर्षं ती कणसं वाहून आणली, मोजली, आन एकदाबी पाह्यलं नव्हतं. मंग मी सारं सांगतलं, मार्काचं, वजनाचं. मयूरी तवा गावाकडं होती, मॅडमनं तिच्या फोनवर म्हातारीले बोलावलं. पलीकडून बयनाबाई मोठ्या खुशीनं सांगत होती. तुह्या तासांच्या ढिगात दुसऱ्या तासांतली भरदार कणसं टाकली, माय. बियाणाले बी तेच ठेवलं. अर्धं खाल्लेलं दिलं तं तुले कोण मार्क देईन? मंग तिनं विचारलं, भेटले का मार्क? मॅडमनं ऐकाले येत नाई म्हणून फोन ठेवला. ऐकाले सारं येत होतं.

त्या दिवशी मॅडम जेवल्या नाई. दुपारी कुलदीप सर आले, त्यायले समजलं. ते खाली आवाजात म्हणाले, आठ वर्षांचं तं खरं हाय ना, तीन वर्षांनी काय बिघडते, आन तपासाले इथवर कोण येते? मले त्यांचा राग आला नाई. कारण मी बी तेच म्हटलं. मी तं हात जोडले. म्हटलं, चूक माझी हाय, म्हातारीची हाय, तुमची नाई. राहू द्या. कोण येते तामसीले पाह्याले?

मॅडमनं खिडकीतल्या बॅनरकडं पाह्यलं. मंग म्हणाल्या, "मले जावं लागते ना तिथं. मी कोणत्या तोंडानं धुऱ्यावर बसू?" आन थोड्या वेळानं म्हणाल्या, का चूक तुमची नाई, मी तिथं गेली असती तं एका नजरेत दिसलं असतं.

त्यायनं पेपर मागं घेतल्याचं पत्र धाडलं. ज्या तीन वर्षांच्या आकड्यायमुळं पेपर घेतल्या गेला, तेच खोटे होते, ते काढले तं पुन्हा तेच, ना वाढ ना घट. पॉइंट कमी पडले. दरखास्त दिलीच नाई. ऑफिसातल्या बाबूनं दोनदा तेलुगूत विचारलं, मॅडम, अय्यिंदा, म्हणजे झालं का? मॅडमनं नुसती नाई म्हणून मान हालवली. जागा दुसऱ्या केंद्रातल्या एका सरांना भेटली. मी पाटीवाल्याचा नंबर फाडून टाकला आन भांड्यायच्या खोलीत जाऊन रडली. मलेच लाज वाटे मॅडमसमोर जाची. त्या मात्र तसंच बोलत, चहात साखर जास्त झाली म्हणून बोलणी बी देत. त्यानं मले बरं वाटे.

औंदा संक्रांतीच्या आधी एका शनिवारी मॅडम म्हणाल्या, उद्या तामसीची बस. तीन वर्षांनी. झोळी काढली, कापडी वही काढली. म्हातारी विचारणार, हे दोघींनाबी माहीत होतं. आन तिले खरं सांगावं तं काय सांगावं? का तुह्या मायेनं माह्या अकरा वर्षांची माती केली? चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. मॅडम बसच्या खिडकीबाहेर पाहत राह्यल्या.

बयनाबाई अंगणातच बसली होती. मॅडमले पाह्यलं आन उठाले गेली, तं गुडघ्यानं उठू दिलं नाई. मॅडमच खाली बसल्या. म्हातारीनं त्यायचं तोंड दोन हातात धरलं, वाळली म्हणे, लय वाळली. आन मंग विचारलंच.

"मार्क भेटले का, माय?"

"भेटले, मावशी. पुरून उरले."

"मंग झाली का प्रोफेसर?"

"झाली."

मी जमिनीकडं पाहत होती. मोठ्या अंकाले, विद्यापीठाले, सगळ्या दुनियेले जे बाई खोटं बोलली नाई, ते इथं बोलली, आन असं नीट बोलली का मले बी क्षणभर खरं वाटलं. बयनाबाईनं पदर डोळ्याले लावला. मंग शेजारणीले हाक मारून सांगतलं, तिनं पुढच्या घरी सांगतलं, आन घडीभरात दहा-बारा बाया जमा झाल्या. आपल्या गावच्या जवारीनं मॅडम प्रोफेसर झाल्या. कोणी खण आणला, कोणी नारळ. मॅडमची ओटी भरली. मॅडमनं ती दोन्ही हातांनी घेतली.

बाया गेल्यावर मॅडमनं हळूच विचारलं, मावशी, त्या तीन वर्षांची पाखरानं खाल्लेली कणसं काय केली? म्हातारी म्हणाली, काय करणार, दळून खाल्ली. शेवटचं दोन-तीन ओंजळी पीठ हाय डब्यात, आज त्याचीच भाकर टाकते. मी मॅडमकडं पाह्यलं. सासूच्या सासूपासून चालत आलेलं बियाणं, त्याचं शेवटचं पीठ डब्यात होतं. मॅडम म्हणाल्या, आता मार्काचं काई काम नाई, मावशी. औंदापासून मले पुन्हा पाखराचंच ठेवा. म्हातारी म्हणाली, प्रोफेसर तं झाली, आता कायले पाह्यजे? मॅडम म्हणाल्या, पाह्याले.

मंग त्या वावरात गेल्या. मी चुलीपाशी म्हातारीले लाकडं देत बसली, तिथून धुरा दिसे. जवारी अजून उभी होती, सारी भरदार, सरळ. मॅडम आपल्या जुन्या जागी बसल्या, वही उघडून मांडीवर ठेवली. बराच वेळ झाला. एक पाखरू आलं, फिरलं, आन बसलं नाई. पुन्हा एक आलं, तेबी गेलं. मॅडम हालल्या नाई. मी मनात जोडून पाह्यलं. मॅडमच्या नोकरीची नऊ वर्षं राह्यली, म्हातारीची किती राह्यली कोण जाणे, आन हे काम पुन्हा पहिल्या वर्षापासून. मले वाटलं, जाऊन पायावर डोकं ठेवावं. पण उठली नाई.

भाकरी झाल्या. बयनाबाईनं पितळीत ठेवल्या, वर तेल-तिखट टाकलं, आन दाराशी येऊन, भिंतीले धरून, वावराकडं हाक मारली.

"प्रोफेसर, जेवाले चाल."

बापूंचं तिले मी कधी सांगतलं नव्हतं, मॅडमनंबी नाई. मॅडमनं मागं वळून पाह्यलं नाई. नुसते खांदे हालून राह्यले होते. म्हातारीले वाटलं, ऐकाले गेलं नाई, म्हणून तिनं आणखी जोरात हाक मारली, तेच. मंग मॅडम उठल्या, वही झोळीत टाकली, तोंड पदरानं पुसलं आन आल्या. पितळीपुढं बसल्या. त्या पिठाच्या तीन भाकरी होत्या, तिन्ही खाल्ल्या.